वाळूवर घातलेले वाटे

परदेशी विद्यार्थी येणार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर गोरी पोरं आली होती, हे आधीच कबूल करते. पुण्याच्या एका कॉलेजातल्या मॅडमचा फोन आला होता. बाहेरच्या देशांतून शिकायला आलेली चौदा मुलंमुली आहेत, शनिवार-रविवार त्यांना कोकणची संस्कृती दाखवायची आहे, तुमच्याकडे राहायची सोय होईल का. मी हो म्हटलं आणि ह्यांना लगोलग रत्नागिरीला पिटाळून पाव, जाम, लोणी आणि कॉर्नफ्लेक्सचे चार डबे आणवले. शनिवारी सकाळी बसमधून उतरली ती घानाची, टांझानियाची, नेपाळची, व्हिएतनामची, मॉरिशसची. एक म्हणून गोरं नाही. आणि हातपाय धुवून झाल्यावर पहिलं विचारलं काय, तर भात मिळेल का आणि मासे कुठले असतात. आमचे हे पुढे महिनाभर सकाळी कॉर्नफ्लेक्स खाताना रोज म्हणायचे, घ्या, परदेशी नाश्ता.

आमचं घर मालगुंडच्या अलीकडे, समुद्रापासून चालत पाच मिनिटं. मी बावीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, मग मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि मागच्या चार खोल्या पाहुण्यांना देऊ लागले. माझा स्वभाव तसा पाहुण्यांचा धंदा करायचा नाही. मला पटकन राग येतो आणि तो चेहऱ्यावर दिसतो. पण स्वयंपाक बरा करते आणि इंग्रजी येतं, तेवढ्यावर चाललं आहे.

मॅडम तरुण होती, उत्साही होती, आणि तिच्या हातात छापील कार्यक्रम होता. नऊ वाजता गणपतीपुळ्याचं देऊळ, साडेदहाला मालगुंडला कवीचं घर, बारा वाजता किल्ला, मग जेवण, मग पुन्हा काहीतरी. माहिती सांगायला मी. दिवसभर मी त्या पोरांना हे काय नि ते काय सांगत फिरले. पोरं सुशील. सांगितलं तिथे चपला काढत होती, सांगितलं तिथे हात जोडत होती, फोटो काढत होती. किल्ल्यावर पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं की ती कंटाळली आहेत आणि चांगल्या घरची असल्यामुळे दाखवत नाहीत. खरं सांगायचं तर मीही कंटाळले होते. पाहुण्यांना आपण तेच दाखवतो, जे दाखवताना आपलं काही दुखत नाही. देऊळ दाखवलं, तट दाखवला, झालं. त्यात आपलं काय जातं.

संध्याकाळी अंगणात चहा घेताना घानाची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. उंच, केसांच्या बारीक बारीक वेण्या घातलेली, संख्याशास्त्र शिकत होती. दिवसभर एका वहीत काहीबाही लिहून घ्यायची आणि मी दोन ठिकाणी वेगवेगळं सांगितलं की नम्रपणे वही दाखवून विचारायची, की यातलं खरं कुठलं. असल्या विद्यार्थिनी मी शाळेत पाहिल्या आहेत. त्यांच्यापुढे शिक्षकाला झोप काढता येत नाही. ती म्हणाली, आजीच्या गावाला असाच समुद्र आहे, तिथे किनाऱ्यावरून जाळं ओढतात, माझं लहानपण त्यात गेलं. इकडे समुद्रावरची माणसं काय करतात? आज आम्ही दगड पुष्कळ पाहिले, माणसं कधी बघायची?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी त्या क्षणी केलं. म्हटलं, आमच्याकडेही ओढतात, रापण म्हणतात तिला, उद्या सकाळी बघायची का? पोरं एकदम टाळ्या वाजवू लागली. मॅडमने कार्यक्रमाच्या कागदावर उद्याच्या दीपगृहापुढे बाण काढून वेळ पुढे ढकलली. आमचे हे चहाची किटली हातात धरून जागच्या जागी थांबले. कारण आजूबाजूला रापण आता एकाच ठिकाणी लागते, माझ्या माहेरच्या किनाऱ्यावर, आणि त्या रापणीचा म्होरक्या माझा दादा. जाळं कधी टाकायचं आणि मासळीचे वाटे कसे घालायचे, हे सगळं त्याच्या शब्दावर. आणि दादा माझ्याशी पाच वर्षं बोलत नव्हता.

ते का, हे सांगून टाकते. आईला शेवटी शेवटी अर्धांगाचा झटका आला. दादा दिवसदिवस समुद्रावर, वहिनी एकटी, तिचं स्वतःचं कंबरेचं दुखणं. मी एकदा भेटायला गेले तर आईच्या पाठीला बिछान्याची जखम झालेली दिसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दादा यायची वाट न बघता मी रिक्षा बोलावली आणि आईला माझ्याकडे घेऊन आले. वहिनी दारात उभी राहून म्हणत होती, वन्सं, ह्यांना येऊ द्या, ह्यांना येऊ द्या. मी ऐकलं नाही. आठ महिन्यांनी आई गेली ती माझ्या घरी. मुलगा असताना आई लेकीच्या घरात गेली, याचा अर्थ आमच्याकडे काय लावतात ते मला माहीत होतं. सगळ्या वाडीने लावला. दादा आला, आईला आपल्या गावी घेऊन गेला, सगळं यथासांग केलंन, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचा थांबला. भाऊबीजेला आला नाही. मीही बोलावलं नाही. लोकांना एवढंच ठाऊक आहे.

मला आणखी एक ठाऊक होतं. आई गेली त्याच्या आदल्या दिवशी सकाळी तिने मला जवळ बोलावून, जीभ जड झालेली असतानाही अगदी स्पष्ट सांगितलं होतं, की दादाला ये म्हणावं. मी उद्या फोन करते म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. हे मी दादाला सांगितलं नव्हतं. सुरुवातीला तो ऐकायच्या अवस्थेत नाही म्हणून, नंतर तो बोलतच नाही म्हणून, आणि पुढे पुढे सवय झाली म्हणून. तो माझ्यावर रागावलाय तो आईला उचलून नेल्याबद्दल, असं मला वाटायचं, आणि त्या बाबतीत मी स्वतःला बरोबर समजत होते. पण दुसऱ्या गोष्टीत मी चूक होते, आणि ते त्याला माहीत नाही, हे मला रोज माहीत असायचं.

रापणीचं विचारायला दादाला फोन ह्यांनी केला. चौदा परदेशी मुलं घेऊन यायचं म्हणतात, चालेल का. तो म्हणाला, समुद्र काय कुणाच्या बापाचा नाय, येऊ देत. मी येणार का हे त्यानं विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही.

रात्री जेवताना मी पोरांना रापण समजावून दिली. होडी जाळं घेऊन आत जाते आणि अर्धगोल करून परत येते. जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर राहतात. दोन्ही दोरांना माणसं लागतात आणि मागे मागे चालत ओढत राहतात. मग मासळीचे वाटे पडतात. त्यात होडीचे नि जाळ्याचे वेगळे, आणि बाकी ज्यानं दोराला हात लावला त्या प्रत्येकाचा एक. तो गावचा असो, वाटेनं चाललेला असो, वैरी असो. दोर धरला की वाटा. घानाच्या मुलीने हे वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारलीन.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं आणि होडी परत वळली होती. दादा पलीकडच्या दोरावर होता. केस पार पांढरे झाले होते. मी त्याला पाच वर्षांत लांबून दोनदा पाहिलं होतं, एकदा हातखंब्याला पेट्रोल पंपावर आणि एकदा कुणाच्या तरी लग्नात, पण केसांकडे लक्ष गेलं नव्हतं. त्याने आमच्याकडे पाहिलं, पोरांना हाताने दोन दोरांवर विभागलं आणि माझ्यावरून नजर अशी नेली, जशी रस्त्याकडेच्या झाडावरून नेतात. मी चपला हातात घेऊन बाजूला उभी राहिले. ठरवूनच आले होते, की दोराला हात लावायचा नाही. लावला तर वाटा द्यावा लागेल, आणि त्याला द्यायचा नसेल तर चारचौघांत त्याची नि माझी दोघांची शोभा होईल.

पोरांनी पहिली पाच मिनिटं हसतखिदळत ओढलं, मग सगळ्यांचं हसू बंद झालं. रापण ओढणं म्हणजे गंमत नव्हे. दोर खारा, ओला, हाताची सालं काढतो. मॅडमने फोटोपुरता दोर धरला आणि मग तिलाच सोडायची लाज वाटली म्हणून धरून राहिली. घानाच्या मुलीला मात्र कुणी काही शिकवायला लागलं नाही. दोर काखेतून घेऊन, अंग मागे टाकून, टाच वाळूत रोवून ती अशी ओढायला लागली, की वाडीतल्या बायका आपलं ओढायचं सोडून तिच्याकडे बघत राहिल्या. एक म्हातारी काकी म्हणाली, ही कुणाची गो? कुणीतरी म्हणालं, ही आपलीच, चुकून तिकडे जन्मली.

जाळं अर्ध्यावर आलं तेव्हा मोठी लाट आली. अलीकडच्या दोरावरचा व्हिएतनामचा मुलगा पडला, त्याच्या मागचे दोघे त्याच्यावर पडले, आणि दोर सरसर पाण्याकडे जायला लागला. एक बाजू ढिली पडली की मासळी तिकडून निसटते. चपला मी कुठे टाकल्या ते मला आजही सांगता येणार नाही. दोर माझ्या हातात होता आणि मी ओढत होते. लहानपणी बाबांच्या मागे उभी राहून ओढायचे तशीच. हाताला चटका बसला तेव्हा भान आलं. समोरच्या दोरावरून दादा माझ्याकडे बघत होता. मी सोडला नाही. आता धरलाच होता तर कशाला सोडा.

मासळी बरी लागली. तारली पुष्कळ, बांगडे बऱ्यापैकी, थोडे लेपे, आणि एक मोठा, दहा पायांचा माकूल, ज्याच्याबरोबर सगळ्या पोरांनी फोटो काढून घेतले. मग वाळूवर वाटे घालायला घेतले. आमच्याकडे वाटे घालायची रीत अशी, की सारखे ढीग मांडून झाले की म्होरक्या ढिगांकडे पाठ करतो आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहतो. दुसरं कुणीतरी एकेका ढिगावर काठी ठेवून विचारतं, हा कुणाचा? तो न बघता नाव घेतो. म्हणजे कुणाला जास्त, कुणाला कमी, असं बोलायला जागा राहत नाही. पूर्वी बाबा असे उभे राहायचे. आता दादा उभा राहिला, आणि म्हातारी काकी काठी ठेवू लागली.

गावच्या बहुतेक माणसांची नावं झाली. मग पाहुण्यांची सुरू झाली आणि दादाची पंचाईत, कारण त्याला एकाचंही नाव ठाऊक नाही. तर तो न बघता सांगू लागला, लाल टोपीवाल्याचा. चष्म्याचा. पडला त्याचा. सारखी हसते तिचा. पुण्याच्या बाईंचा. बसच्या ड्रायव्हरचा. घानाच्या मुलीची पाळी आली तेव्हा म्हणाला, जिला ओढता येतं तिचा. वाडीतली माणसं हसली, पोरांना मी भाषांतर करून सांगितलं, तीही हसली. एकेक जण येऊन आपला ढीग पिशवीत भरू लागलं. ढीग कमी होत गेले. काठी शेवटच्या ढिगावर आली आणि तो शेजारच्या घरातल्या एका म्हाताऱ्याचा निघाला. संपले वाटे. उरली ती दादाच्या पायाशी ठेवलेली एक टोपली.

माझं नाव आलं नाही.

मला राग आला आणि लाज वाटली, दोन्ही एकदम. चौदा अनोळखी पोरं, एक फोटोपुरती मॅडम, आणि ड्रायव्हर, ज्याने दोराला बोट लावलं असेल नसेल, सगळे धरले आणि मला वगळलं. वैऱ्यालाही वाटा, असं काल मीच तोंड वर करून सांगितलं होतं. म्हणजे मी वैऱ्याच्याही पलीकडची. मी वळले आणि चपला शोधायच्या निमित्ताने चालू लागले.

घानाची मुलगी माझ्या मागून आली. तिने विचारलं, तुमचा कुठाय? मी म्हटलं, जाऊ दे, मला नको. ती म्हणाली, तुम्हीच सांगितलंत, मी लिहून घेतलंय, दोर धरला की वाटा, आणि तुम्ही दोर धरलात, मी तुमच्या पुढेच होते. मी म्हटलं, बाई गं, काही गोष्टी असतात घरच्या. पण ती संख्याशास्त्राची. ती म्हणाली, आजीच्या गावाला एकाचा जरी वाटा राहिला तरी कुणी आपला घरी नेत नाही. आणि परत जाऊन तिने आपली पिशवी वाळूवर ठेवली. मग त्या व्हिएतनामच्या मुलाने ठेवली. मग एकापाठोपाठ एक सगळ्यांनी ठेवल्या. चौदा पिशव्या वाळूवर. वाडीतल्या माणसांना कळेना, की पोरं रुसली कशाला, मासळी आवडली नाही की काय.

दादा वळला. पोरांकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाला विचारण्याची सोयच नव्हती, मॅडम सोललेले हात धुवायला पाण्याकडे गेली होती आणि बाकी त्या किनाऱ्यावर दोन्ही भाषा समजणारी मी एकटी. पाच वर्षांनी तो माझ्याशी पहिलं वाक्य बोलला.

"काय म्हणतेय ती?"

मी आयुष्यभर इंग्रजीचं मराठी केलं आहे, पण एवढं जड कधी केलं नाही. दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. फोटो पाहिजे म्हणतेय, असं सांगता आलं असतं.

"ती विचारतेय," मी म्हटलं, "की माझा वाटा कुठाय."

काकी काठीवर भार देऊन उभी होती. दादाचा चेहरा तांबडा झाला, आणि मला वाटलं आता हा सगळ्यांदेखत माझी अब्रू काढणार.

"वाटे घालणाऱ्याच्या घरचं नाव वाळूवर घेतात काय गो?" तो ओरडलाच. "बाबांच्या हाताखाली वाढलीस ना तू? घरच्यांचं टोपलीत असतं. तुझं टोपलीत हाय. वेगळा पायजे असेल तर सांग, पावण्यांत घालतो."

खरंच होतं. वाटे घालणारा आपल्या माणसांची नावं घेत नाही, कारण मग लोक म्हणतील की स्वतःच्या घरचे ढीग आधी सांगितलेन. त्याचं घर शेवटी, टोपलीत उरेल ते. लहानपणी मी अख्खी सकाळ ओढायचे आणि बाबांनी माझं नाव एकदाही घेतलं नव्हतं. हे मला माहीत होतं, पण दादाच्या घरच्यांत मला कुणी धरील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी स्वतःला केव्हाच बाहेर काढून बसले होते आणि त्याचा दोष मात्र त्याला देत होते.

मी नको म्हटलं. वेगळा नको. मग घानाच्या मुलीला सगळं समजावून सांगितलं, जमेल तितक्या सरळ आवाजात. तिने ऐकून घेतलं, वही काढली, कालच्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहिली आणि आपली पिशवी उचललीन. बाकीच्यांनी उचलल्या. दादा मॅडमला म्हणाला, पोरं उपाशी हायत, घरी चला, हिची वहिनी भात टाकेल. मॅडमने दीपगृह म्हणून तोंड उघडलं आणि मग पोरांकडे बघून मिटलं. टोपलीची एक कडी दादाने धरली आणि दुसरी मोकळी ठेवली. मी ती धरली. टोपली दोघांत असल्यामुळे घरापर्यंत पावलं सारखी टाकावी लागत होती.

वहिनीने मला बघितलं, टोपली बघितली, मागे येणारी चौदा पोरं बघितली, आणि एवढंच म्हणाली, वन्सं, विळी मागल्या दारी आहे. घरोघरच्या वहिन्यांना देवाने कुठून एवढी समजूत दिली आहे कोण जाणे. माझ्या त्या रिक्षाच्या दिवसाबद्दल ती मला चार शब्द सुनावू शकली असती. मी मागल्या दारी पाटावर बसून तारल्या साफ करायला घेतल्या. पुढच्या पडवीत पोरं पसरली होती. नेपाळची मुलगी वाडीतल्या बायकांशी मोडक्या हिंदीत बोलत होती, मॉरिशसचा मुलगा कुणाच्या तरी बाळाला खेळवत होता. छापील कार्यक्रमात हे कुठेच नव्हतं आणि मला वाटतं, त्या दोन दिवसांत त्यांनी कोकणातलं काही पाहिलं असेल तर ते एवढंच.

वहिनी भाताचं बघायला आत गेली आणि दादा हातपाय धुवायला मागे आला. पाण्याची दगडी डोण माझ्यापासून तीन हातांवर. त्याने तांब्या बुडवला.

मी गप्प बसू शकले असते. सगळं जुळून येत होतं, पोरं खूश होती, जेवण व्हायचं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडायची कशाला? पण त्याने मला घरच्यांत धरलं होतं, भर किनाऱ्यावर, आणि त्याला ती एक गोष्ट माहीत नसताना धरलं होतं. तसा वाटा घेणं मला जमेना.

"दादा," मी म्हटलं. "आईनं तुला बोलवायला सांगितलं होतं. आदल्या दिवशी सकाळी. मी उद्या करते म्हटलं."

त्याने तांब्या तसाच धरला. विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, दादाला ये म्हणावं, एवढंच म्हणाली. मग तो म्हणाला, आणि तू? मी म्हटलं, घरात पाहुणे होते, पण ते खरं कारण नव्हे. तू दोन महिने फिरकला नव्हतास, म्हणून मी मुद्दाम नाही केला फोन. तिनं दोन महिने तुझी वाट बघितली, तुलाही जरा उशिरा कळू दे म्हटलं. वाट बघायला आई उरली नाही.

तो डोणीच्या कडेवर बसला. मला वाटलं आता उठून जाईल, किंवा मला उठवील. बोलला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता.

"मी आलेलो," तो म्हणाला. "ती जायच्या चार-पाच दिवस आधी. गाडी वर रस्त्याला लावली आणि पाखाडीच्या पायऱ्या उतरून तुझ्या आवाराच्या गडग्यापर्यंत आलो. तू तिला उन्हात बसवून केस विंचरत होतीस. ती हसत होती गो. माझ्याकडे होती तोवर ती अशी हसली नव्हती. मग कुठल्या तोंडानं आत येऊ? म्हटलं, हितं सुखात हाय, राहू दे. परत गेलो."

पाच वर्षं मी ज्याला त्याचा राग समजत होते तो राग नव्हताच. तो स्वतःच्या आईला लेकीच्या अंगणात हसताना बघून गेला होता आणि तेवढंच घेऊन राहिला होता. माझ्या हातात तारली होती, ती मी खाली ठेवली.

"हसायची," मी म्हटलं. "विंचरताना हसायची हे खरं. आणि वेणी घालून झाली की रोज विचारायची, आता घरी कधी जायचं? मी म्हणायचे, हे घरच आहे आई. तर म्हणायची, हे तुझं. माझं दादाकडे. रोज, दादा. एक दिवस चुकला नाही."

दादाने डोणीतून ओंजळ भरून पाणी तोंडावर मारलं. मग दुसरी मारली, मग तिसरी. आतून वहिनी पानं घेतली म्हणून हाक मारत होती, आणि तो तोंड धूतच राहिला.